काशीला गेलेल्या गोदावन्स

टीवीवरच्या बाईला बाजारात मासळी मिळत नाय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

बोर्लीच्या बाजारात मी आनि गोदावन्स उभ्या व्हतो. पुढं कोळीन बसल्याली, टोपलीत ताजी सुरमई. वन्सनी बोटानं मासा दाबून बघितला, भाव इचारला. कोळनीनं वर बघितलं आनि टोपलीवर फडका टाकला.

"तुमाला नाय देनार."

"का गं बाय?"

"आधी सुनंला घरात घ्या. पोटुशी पोर कालपासनं भाईर ओट्यावर बसलीय."

वन्स म्हनाल्या, "अगो, ते माझ्या हातात नाय. लिहिनारा लिहितो, मी बोलते."

"दार लावनारा हात कोनाचा व्हता? मी बघितला. बांगड्या ह्याच व्हत्या."

वन्सनी बांगड्या पदराखाली घेतल्या. जरा इचार केला. "बरं," म्हनाल्या, "सोमवारी घेते आत."

"नक्की?"

"शब्द देते."

कोळनीनं फडका काढला, सुरमई दिली, वर मूठभर बोंबील टाकले. म्हनाली, "हे तिला करून घाला." ते बोंबील आमी दोघींनी खाल्ले. सोमवार आला. टीवीत वन्स जी आत्या व्हायच्या, तिनं दार उघडलं, सुनंची पेटी भाईर टाकली, आनि परत लावलं. तवापासनं वन्सचा बाजार मी करायची. कोळीन मला इचारायची, "ती बया कुठाय?" मी म्हनायची, मला काय ठाव.

गोदावन्स म्हंजी आमच्या गावची लेक. गावच्या लेकीला आमी सगळ्या सुना वन्स म्हनतो, मंग ती सख्खी ननंद असो नायतर चार घरं पलीकडची. त्या आमाला वैनी म्हनायच्या. दिवेआगरच्या अलीकडं आमचं गाव, सगळं नारळ-पोफळीचं. त्यांचं घर आनि माझं घर पाठीला पाठ. मधी कुंपन, तेबी निम्मं पडल्यालं, तिथनंच जानं-येनं. मी जलमभर लोकांच्या वाड्यांत सुपारी सोलली. वन्स जलमभर लोकांच्या घरात आत्या, मावशी, सासू, शेजारीन झाल्या. आधी नाटकात, मंग टीवीत. मेन बाई कधी झाल्या नाय. म्हनायच्या, "वैनी, मेन बाईला रडावं लागतं, नाचावं लागतं, उपाशी ऱ्हावं लागतं. मला नुसतं दार लावावं लागतं."

घरी आमच्यासारखंच बोलायच्या. पन राग आला की एकदम शुद्ध. मांजरानं दूध सांडलं तर शिवी नाय द्यायच्या. कंबरेवर हात ठेवून म्हनायच्या, "याच दिवसासाठी का मी तुला लहानाचा मोठा केला?" मांजर मान खाली घालून भाईर जायचं. दूधवाल्यानं पानी घातलं की त्याला पन शुद्ध. तो मला म्हनाला, वैनी, त्यांना शिवी द्यायला सांगा, हे ऐकवत नाय.

आईबाप त्यांचे लवकर गेले. भाऊ मुंबईला, तो आपल्या संसाराचं बघनार. घरात खायाला नव्हतं. त्या टायमाला देवीच्या जत्रंला गावोगाव नाटक बसवायचे. पुरुषांची कामं गावची मानसं करायची, पन बाईचं काम कराया गावची बाई उभी ऱ्हायची नाय. मंग भाईरनं नटी आनायची, एका नाटकापुरती. वन्स तसल्या नटी झाल्या. सगळी नाटकं त्यांची पाठ. कुठल्या गावानं कुठलं बसवलंय एवढं कळलं की पेटी घेऊन यष्टीत बसायच्या. दुपारी पोचायच्या, तिथल्या नायकाला एकदा बघून घ्यायच्या, दिवस मावळला की तोंडाला रंग. लगीन त्यांनी केलं नाय. कोनी इचारलं तर म्हनायच्या, "झाली की. पेनला झालं, मुरुडला झालं, म्हसळ्यात तर दोनदा. सकाळी यष्टी पकडली की सुटले."

आमच्या गावच्या नाटकात एकदा नायक झाला भातगिरनीवाला. आडदांड मानूस, मिशा पिळल्याल्या. पडदा वर गेला, समोर सगळं गाव बसल्यालं, आनि ह्याची वाचा बसली. पडद्यामागनं एकजन त्याला बोलनी सांगतोय, ह्याला ऐकू येईना. वन्सनी जरा वाट बघितली. मंग पदर सावरून म्हनाल्या, "कळतं हो मला. तुम्ही आता असंच म्हणणार ना, की मी तुम्हाला फसवलं? की हे मूल माझं नाही?"

गिरनीवाल्यानं मान हलवली.

"मग ऐका माझं उत्तर."

असं सगळं नाटकभर त्यांनी त्याची पन बोलनी म्हटली आनि आपली पन. तो नुसता मान हलवायचा. शेवटाला त्यानं बायकोला माफ करायचं व्हतं. वन्स त्याच्याजवळ गेल्या, तोंडाकडं बघितलं, म्हनाल्या, "नका बोलू. तुमच्या डोळ्यांत दिसतंय, तुम्ही मला क्षमा केलीत." पडदा पडला. सकाळी सगळं गाव म्हनतंय, गिरनीवाल्यानं काय काम केलं, एक शब्द न बोलता. त्याची बायको तेवढी मला इहिरीवर म्हनाली, "घरी पन असाच करतो. तिकडं त्याला बोलनारी मिळाली. इकडं मीच."

माझा नवरा पोफळीवर चढायचा. आमच्याकडं चढनारा मानूस दर झाडाला खाली उतरत नाय, शेंड्यावरनं झोका घेतो आनि दुसऱ्या झाडावर जातो. एक दिवस दुसरं झाड हातात आलं नाय. पोरगी माझ्या पोटात, पोरगा रांगता. मानसं जमली, बाया जमल्या, आनि मला रडू येईना. आतनं सगळं सुकल्यालं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुजबूज सुरू झाली, ही कसली बाई, डोळ्यात टिपूस नाय.

वन्स पेनहून सकाळच्या गाडीनं आल्याल्या, कपाळावरचा रंग पन नीट पुसल्याला नव्हता. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. आनि असं रडल्या, असं रडल्या की सगळ्या बायांनी माझ्याकडं बघायचं सोडलं. म्हाताऱ्या त्यांना धराया लागल्या. कोनी पानी आनलं, कोनी कांदा फोडून नाकाला लावला. त्या गर्दीत माझ्या कानाला लागून म्हनाल्या, "वैनी, तू दम खा. मी हाय." मी दम खाल्ला. मला रडू आलं ते लय मागनं, सुपारी सोलताना, तवा आजूबाजूला कोन नव्हतं. वन्सला मी हे कधी बोलले नाय, त्या पन बोलल्या नाय. एकदा तेवढं म्हनाल्या, "त्या दिशी कांदा नसता तरी जमलं असतं मला."

मंग गावातली नाटकं बंद पडत गेली. तरनी मानसं कामाला मुंबईला, नायक मिळेना. वन्स पन्नाशीच्या आसपास. कोनाच्या तरी वळखीनं टीवीच्या शिरेलीत गेल्या. पहिलं काम मेल्याल्या बाईचं. सतरंजीवर पडून ऱ्हायचं, भोवती सगळी रडनार. दुपारचं जेवन झाल्यालं, ह्यांना लागली झोप आनि घोरायला लागल्या. रडनारी सगळी हसली. पन वन्स म्हनायच्या, तिथंच माझं नाव झालं. बाकीची मढी कोनाला आठवत नाय, घोरनारं सगळ्यांना आठवतं.

मागनं कामं मिळत गेली. मुंबईत एक खोली, वर्सातनं सनावारी गावाला. गावाला आल्या तरी बोलनी पाठ करायच्या, कुंपनाजवळ उभ्या ऱ्हाऊन, मोठ्यानं. माझ्या पोराचं लगीन झालं, सून नवीन आल्याली म्हसळ्याहून. सकाळी ती मागच्या दारी भांडी घासतीय आनि पलीकडनं आवाज, "या घरात तुझं पाऊल मी टिकू देणार नाही. बापाच्या घरी जायचं, आत्ताच्या आत्ता." मी वाडीवर गेल्याली. येऊन बघते तर सून नाय. संध्याकाळी म्हसळ्याहून तिला घेऊन तिची आई आली, दोन भाऊ आले, सुमोतनं उतरले ते बाह्या वर करूनच.

मी काय सांगू त्यांना. वन्सला बोलवलं. वन्स आल्या, ओटीवर उभ्या ऱ्हायल्या, आनि तो सगळा भाग पयल्यापासनं करून दाखवला. सासूचं, सुनंचं, नवऱ्याचं, मधी फोन वाजतो तो पन. सुनंची आई रडली. थोरला भाऊ म्हनाला, आनि म्होरं काय व्हतं? वन्स म्हनाल्या, म्होरलं जेवल्यावर. रात्री ती सगळी माझ्याकडं जेवली आनि सून ठेवून गेली. ती सून अजून सांगते, मला घालवली पन वन्सनी आनि आनली पन वन्सनी.

शिरेलीत मानूस मेला की भिंतीवर हाराचा फोटो लागतो आनि काम बंद. वन्स चार-पाच शिरेलीत मेल्याल्या. एकीत जिन्यावरनं पडून, एकीत इषानं, एकीत तर नुसतं मुलाचा धक्का बसून. म्हनून त्यांना मरनाची लय धास्ती. खऱ्या मरनाची नाय, ह्या असल्या. म्हनायच्या, "मेल्यालीला परत कोन बोलवत नाय, वैनी. भाईरगावी गेल्यालीला बोलवतात." मंग त्यांना ही आत्या मिळाली. घरात सगळ्यांवर डाफरनारी, किल्ल्या कंबरेला. वर्सानुवर्सं चालली. सगळा महाराष्ट्र शिव्या द्यायचा. वन्स खुशीत.

आनि करोना आला. शूटिंग बंद. वन्स टेम्पोतनं, कांद्याच्या गोन्यांवर बसून गावाला आल्या. उतरल्या तवा डोळ्यांतनं पानी. मी म्हटलं, काय झालं वन्स. म्हनाल्या, कांदे झाले.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाला वादळ आलं. ते काय सांगायचं. माझ्या घरावरचे पत्रे गेले ते मला परत दिसलेच नाय. पोफळी अशा आडव्या, जशी कोनी काड्याची पेटी उपडी केली. ज्या झाडांवर नवरा चढायचा त्यातलं एक उभं ऱ्हायलं नाय. वन्सची आतली खोली जुन्या चिऱ्याची, ती वाचली. आमी सगळी तिथं. लाईट गेली ती गेलीच, खांब सगळे जमिनीवर. दिवसभर आमी फांद्या तोडायच्या, वाट मोकळी करायची. वन्स पन यायच्या, पन छत्री घेऊन, हाताला मोजे घालून. मी म्हटलं, हे काय. म्हनाल्या, "शूटिंग सुरू झालं की आत्या तशीच दिसाया पायजे. काळी पडले, वाळले, तर म्हनतील ही कोन."

मंग एक दिवस फोन आला. शूटिंग सुरू झालंय, पन नियम निघालाय, पासष्टच्या वरच्यांनी यायचं नाय. तुमच्या आधार कार्डावर पासष्टच्या वर दिसतंय.

इथं वन्सचं जे झालं ते बघन्यासारखं. बाई जलमभर लोकांना वय कमी सांगत आल्याली. आनि कार्डावर जास्त. का, तर बापानं शाळेत लवकर घालायची म्हनून मास्तरांना दोन वर्सं वाढवून सांगितल्याली. घरी सांभाळाया कोन नव्हतं, पोर शाळेत बसली तर बरं. ती दोन वर्सं आता आडवी आली. खरं वय कोनालाच ठाव नाय. वन्स म्हनाल्या, "बाप मेला, मास्तर मेला. आता साक्षीला कोन आनू?"

लिहिनाऱ्यानं सांगितलं, काळजी करू नका ताई, आत्याला तूर्त काशीला पाठवतो.

आमच्याकडं लाईट नाय, टीवी नाय. पन मुंबईतल्या लेकीबाळींचे फोन यायचे, त्यातनं गावभर झालं, आत्या काशीला गेली. मंग ह्याच्यावर वाद. रेल्वे बंद, यष्टी बंद, पोलीस बोर्लीला सोडत नाय, आनि आत्या काशीला गेली कशी? माझा पोरगा म्हनाला, अत्यावश्यक सेवा.

रखमाकाकू आमच्यात सगळ्यात म्हातारी, तिला दिसतं कमी. ती काठी टेकत इहिरीवर आली, वन्सचा हात धरला. "गोदे, काशीहून कवा आलीस?"

"काकू, मी गेलेच नाय."

"लेकीनं सांगितलं, टीवीत दाखवलं. गंगेचं पानी आनलंस का? जायच्या टायमाला तोंडात घालाया थोडं दे."

वन्सनी माझ्याकडं बघितलं. मंग कळशी उचलली, गडू भरला, पदरानं पुसला आनि दोन हातांनी काकूला दिला. काकू गेल्यावर मला म्हनाल्या, "काशीचं हाय असं मी म्हटलं का? नाय ना."

तो गडू काकूनं देवाजवळ ठेवला. दुसऱ्या दिवसापासनं बाया लाईनीत. वन्स सगळ्यांना सांगायच्या, संपलं.

पन आतनं त्यांना चैन नव्हतं. आत्या काशीला गेली तोवर ठीक. काशीत मेली असं एकदा दाखवलं की खलास. ह्या वयात नवीन काम कोन देनार, आनि घरी बसून ती बाई काय करनार. रोज सकाळी माळावर जायच्या, तिथं रेंज यायची. मोबाईल माझ्या पोरानं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करून दिल्याला. आमी खाली फांद्या तोडायच्या, वर वन्स छत्रीखाली उभ्या.

एका सकाळी वरनं हाक आली. आमी पाच-सहा जनी चढून गेलो. वन्सनी मोबाईल दगडावर ठेवल्याला, आवाज मोठा केल्याला.

"ताई, कशा आहात?" लिहिनारा इचारतोय.

"जिवंत आहे," वन्स म्हनाल्या. शुद्ध. आमी वळखलं.

"त्याबद्दलच बोलायचं होतं. वरून सांगितलंय, आत्याचं काहीतरी ठरवा. तर येत्या गुरुवारी काशीहून फोन येतो, आत्या गेल्या. घरातले रडतात. तुम्हाला काही करायचं नाही. फोटो आहे आमच्याकडे."

वन्सचा हात छत्रीच्या दांड्यावर घट्ट.

"आजारी पाडा मला."

"पाडलं असतं ताई. पण आजारी माणूस दाखवावा लागतो."

माझ्या मागनं शेजारची तुळशी म्हनाली, "हरवा तिला. घाटावर हरवली म्हना."

"कोण बोलतंय?"

"माझ्या वहिनी आहेत," वन्स म्हनाल्या. "सगळ्या."

"वहिनी, माणूस गर्दीत हरवतो. आता गर्दी कुठे आहे?"

"मंग नदीत वाहून गेली म्हना," दुसरी म्हनाली.

"अगो, ते मेलंच की," तुळशी म्हनाली. "डोक्यात नारळ पडला म्हना. सगळं इसरली."

"काशीत नारळ कुठला गं?"

"देवाला आनतात तो."

"तो पडंल कसा? तो हातात असतो."

लिहिनारा मधी काय तरी बोलाया बघत व्हता, त्याला जागा मिळंना. तवा माझी सून म्होरं झाली. ती कधी बोलत नाय चार मानसांत. म्हनाली, "मौन धरलंय म्हना. आमच्या म्हसळ्याच्या मामानं धरलं व्हतं. बोलायचं नाय कोनाशी. घरातल्यांनी काशीला फोन लावायचा, आत्या फोन घेनार, पन बोलनार नाय. गप ऱ्हायली म्हंजी आत्या हाय."

पलीकडं पन गप. मंग तो हसाया लागला. "म्हणजे माणूस नको, फोटो नको, आवाजपण नको."

"पैसेपण नकोत असं म्हणू नका," वन्स म्हनाल्या. "शांतता माझी आहे."

मौन ठरलं. खाली उतरताना वन्सनी छत्री माझ्या सुनंच्या डोक्यावर धरली.

गनपतीच्या जरा आधी लाईट आली. टीवी लावला. शिरेलीत घरातली सगळी फोनभोवती बसल्याली, "आत्या, ऐकताय ना? आत्या, काहीतरी बोला." पलीकडं काय नाय. सगळी रडतात. वन्स आमच्यात पाटावर बसल्याल्या, म्हनतात, "बघा, कशी गप हाय. दुसरी कोन असती तर श्वास तरी ऐकू आला असता."

मंग एक दिवस दाखवलं, उद्या आत्या येनार. वन्स म्हनाल्या, जुनं काय तरी लावतील, माझं चालताना घेतल्यालं. दुसऱ्या दिशी सगळं गाव माझ्या घरात, पत्र्याच्या जागी ताडपत्री, तिच्याखाली. दार उघडलं. पाय दिसले. कंबरेच्या किल्ल्या दिसल्या. मंग तोंड दिसलं, आनि ती दुसरीच बाई. दहा वर्सांनी तरी लहान, गालावर तेज.

कोनाला कळंना कुठं बघायचं, टीवीकडं का वन्सकडं. रखमाकाकू टीवीच्या पार जवळ जाऊन बसली. म्हनाली, "काशीला जाऊन गोदीची तब्बेत सुधारली."

वन्सनी सगळा भाग बघितला, जाहिरातींसकट. उठताना म्हनाल्या, "दार बरं लावते."

मंग आल्याच नाय दोन-चार दिवस. मी पेज घेऊन गेले. आतल्या खोलीत बसल्याल्या, केस मोकळे. पेज घेतली नाय. म्हनाल्या, "मला मारली असती तर बरं झालं असतं, वैनी. निदान घरातली रडली असती. हे तर कोनाला कळलं पन नाय मी गेले ते." मी बसून ऱ्हायले. पेज गार झाली, मंग त्यांनी खाल्ली.

म्हाताऱ्यांचा नियम उठला तवा लिहिनाऱ्याचा परत फोन आला. म्हनाला, ताई, आत्याचं काम आता परत फिरवता येत नाही. पण तुमच्या वहिनींचं ते मौन माझ्या डोक्यातून जात नाही. आत्याबरोबर काशीहून एक मौनी आजी आल्या, असं दाखवतो. याल का?

"बोलायचं काय?"

"काहीच नाही. मागे बसायचं."

आमी सगळ्या म्हटलं, जाऊ नका वन्स. जिनं जागा घेतली तिच्या मागं जाऊन बसायचं, आनि तोंड शिवून, ही काय रीत झाली. तुळशी तर म्हनाली, त्यापरास सुपारी सोला आमच्यात. वन्स आमचं सगळं ऐकून घेत व्हत्या आनि हातानं पेटी भरत व्हत्या. म्हनाल्या, "बोलनाऱ्याची बोलनी कापतात गं. गप बसल्यालीचं काय कापनार?"

यष्टी सुरू झाल्याली. पयल्या गाडीनं गेल्या.

मंग आमी बघाया लागलो. नवी आत्या म्होरं उभी ऱ्हाऊन लांबलचक बोलायची, आनि मागं कोपऱ्यात मौनी आजी, पांढरं लुगडं. पयल्याच दिशी आजीच्या हातात सुई आनि दोरा. आत्या सगळ्या घराला झाडतीय, आनि मागं आजी दोरा ओवतीय. जात नाय. दोरा तोंडात घालते, परत. डोळा बारीक करते, परत. सुई लांब धरते, जवळ धरते. तो भाग झाला तवा आत्या काय बोलली ते एकीला सांगता येईना. तुळशी इचारते, "दोरा गेला का गं शेवटाला?" गेला नाय. दुसऱ्या दिशी सगळी परत बसली, दोऱ्यासाठी. बोर्लीच्या कोळनीनं मला हाक मारली, "ती मुकी म्हातारी लय गरीब हाय बिचारी. ती पयली आत्या अशी असती तर." मी मासळी घेतली आनि आले.

वन्सचा फोन यायचा आठवड्यानं. सांगायच्या, नवी आत्या चांगली पोर हाय, जेवनाच्या सुट्टीत पाय चेपते माझे. म्हनते, ताई, मी बोलत असताना तुम्ही हलू नका ना. मंग मी तिला म्हटलं, बाळा, मी मौनात हाय.

पुढच्या हिवाळ्यात सकाळच्या टायमाला फोन आला तो त्यांच्या भाच्याचा, मुंबईच्या भावाच्या पोराचा. आत्या झोपेतच गेली. सकाळी गाडी न्यायला आली, दार कोनी उघडलं नाय. तिकडंच सगळं करतो, म्हनाला, तुमी पोचनार कवा. खरंच व्हतं. मी सुपारीला बसले. सुनंनं त्यांचा ओटा सारवून घेतला.

संध्याकाळी कोनी कोनाला बोलवलं नाय, पन बाया आल्या. टीवी लावायचा का नाय, कोन इचारंना. रखमाकाकूनंच सांगितलं, लाव. तर वन्स टीवीत. आधी घेऊन ठेवल्यालं असतं म्हनं. बसल्यात कोपऱ्यात, लुगड्याच्या घड्या घालतायत. दुसऱ्या दिशी परत. तिसऱ्या दिशी परत. आमी रोज बसायचो, आज असतील का नाय म्हनून. मंग बंद झाल्या. शिरेल अजून चालू हाय. मौनी आजी मेली असं त्यात कोनी म्हटलं नाय, फोटो लागला नाय, कुठं गेली हे कोनी इचारलं पन नाय.

पन त्यांचा तो शेवटचा दिवस मी सांगते. शिरेलीतलं घर जप्त व्हनार व्हतं. ताटं मांडल्याली, आनि कोनी जेवना. सून रडतीय, लेक रडतोय, नवी आत्या मधी बसून छाती पिटतीय. आनि मौनी आजी जेवतायत. भाकरी मोडतात, कालवनात बुडवतात, चावतात. मधीच रडनाऱ्याकडं बघतात, परत भाकरी मोडतात. लिंबाची फोड शेजारच्या ताटात पडल्याली, त्याला भूक नाय म्हनून ती पन घेतली, पिळली. आमच्यात आधी सून हसली. मंग तुळशी. मंग मी. त्या नव्या आत्याला पन हसू आलं असनार, कारन तिनं एकदम पदरात तोंड घातलं. आजीनं ताट पुसून घेतलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ताट उचललं, आनि मागचा पडदा सारून सावकाश आत गेल्या.

म्होरं ती सगळी रडत व्हती, चांगलं मोठ्यानं. आमी सगळ्या मागच्या पडद्याकडं बघत व्हतो, तो अजून हलत व्हता.